दोन याद्यांतलं एक नाव

माझं अक्षर चांगलं होतं. एवढ्या एकाच गुणावर मी माधवनगरातल्या आमच्या मंडळाच्या फुटबॉल संघाचा प्रमुख झालो. खेळात मी यथातथाच. डावा पाय फक्त चालण्यापुरता, आणि चेंडू डोक्यावर घ्यायची वेळ आली की डोळे आधीच मिटायचे. पण स्पर्धेला यादी पाठवावी लागायची. यादीत खेळाडूंची नावं, पत्ते, शाळेच्या दाखल्यावरून जन्मतारखा आणि खाली संघप्रमुखाची सही. माझ्यापेक्षा चांगले खेळणारे आमच्यात खंडीभर होते, पण सलग चार ओळी सरळ लिहिणारा एक नव्हता. मी एकोणीस वर्षांचा, सांगलीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. त्या यादीचा मला भारी ताठा होता.

आमचे संघ दोन. मोठा गट खुला, लहान गट सोळा वर्षांखालचा. लहान गटाला पोरं हवी तेवढी मिळायची, कारण मिलच्या चाळींत दुसरं काही मुबलक नसलं तरी पोरं होती. मोठ्या गटाची मात्र कायम रड. एकाची पहिली पाळी, दुसऱ्याची तिसरी, तिसरा लग्नाच्या वऱ्हाडात. ऐन सामन्याच्या दिवशी अकरा पाय जमवताना नाकी नऊ यायचे, जोड्या तर सोडाच. म्हणून लहान गटातली दोन चांगली पोरं मी मोठ्या गटाच्या यादीतही राखीव म्हणून लिहून ठेवायचो. स्पर्धेच्या नियमांत ते बसत होतं. दोन नावं दोन्हीकडे लिहायला परवानगी होती. पुढे आणखी एक कलम होतं, की मोठ्या गटात प्रत्यक्ष खेळलेल्या मुलाला त्या स्पर्धेत पुन्हा लहान गटात खेळता येणार नाही. सायक्लोस्टाईल केलेला तो कागद मी वाचला होता. वाचला होता म्हणजे त्यावरून डोळे फिरवले होते.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तो उन्हाळा. त्या वर्षी आमच्या लहान संघात जतकडचं एक पोरगं आलं होतं. आईबाप तिकडे दुष्काळी कामावर खडी फोडत होते, आणि याला मामाकडे माधवनगरला पाठवलेलं. मामा मिलमध्ये, एका खोलीत सहा माणसं, हा सातवा. काटकुळा, काळासावळा, पंधरा वर्षांचा. लेफ्ट हाफला खेळायचा. बोलायचा आमच्यासारखंच, पण चेंडू हवा असला की तोंडातून कानडी निघायचं. ‘कोडू, कोडू,’ म्हणजे दे, दे. पहिल्या दिवशी सगळे हसले. आठ दिवसांत सगळा संघ ‘कोडू’ म्हणूनच चेंडू मागायला लागला.

त्याला मामाकडे जूनपर्यंतच ठेवणार होते. मामीनं ते त्याच्या देखतच चारचौघांत सांगितलं होतं. जूननंतर परत जत, परत खडी. पण त्या वर्षी एक वेगळी गोष्ट घडत होती. साताऱ्यातल्या एका शाळेच्या हेडमास्तरांना आपल्या शाळेचा फुटबॉल संघ उभा करायचा होता, आणि लहान गटाचा अंतिम सामना साताऱ्यात बघून ते दोन पोरं निवडणार होते. त्यांना वसतिगृहात जागा, मॅट्रिकपर्यंत राहणं, जेवण, फी, सगळं फुकट. ही बातमी मीच मैदानावर वाचून दाखवली. बाकीची पोरं हुर्रे करत उठली. हा मागे थांबला आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, तितं दोन येळा जेवाण देत्यात म्हणं. खरं हाय का?"

"व्हय," मी म्हटलं.

"रोज?"

"रोजच की रं."

त्यानंतर तो असा काही खेळायला लागला की मोठ्या गटातले बाप्येसुद्धा सुटी असली की त्याला बघायला थांबायचे. त्या दोघांतला एक हाच, याबद्दल कुणाच्या मनात शंका उरली नाही. माझा धाकटा भाऊही त्याच संघात होता, त्याच जागेचा, पण राखीव. उंच, गोरागोमटा, खेळात माझाच भाऊ. एकदा जेवताना आई म्हणाली, "आपल्या धाकट्याचं बघ की काही त्या साताऱ्याचं." मी म्हटलं, "तो राखीव आहे."  आईनं माझ्या ताटात आमटी वाढली आणि उठून गेली.

आता भडंगाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या मंडळाचे अध्यक्ष मिलमध्ये जॉबर होते, म्हणजे खात्यातल्या कामगारांवरचे मुकादम. प्रत्येक सामन्याला ते सांगलीतून भडंगाचं मोठं गाठोडं आणायचे आणि सामना संपला की कागदावर मूठ मूठ वाटायचे, वर कपभर चहा. पूर्वी म्हणे बघ्यांनीच गाठोडं फस्त केलं होतं. तेव्हापासून त्यांनी दंडक घातला की सामन्यात ज्याचा पाय मैदानाला लागला त्यालाच भडंग. राखीव पोरगं दिवसभर उन्हात बसलं, पाणी आणलं, बूट सांभाळले, तरी त्याला नाही. त्यामुळं आमच्यात एक रीतच पडली होती. सामना संपत आला की एखाददुसऱ्या राखीव पोराला पाच मिनिटं आत ढकलायचं, पाय लागू द्यायचा. प्रतिस्पर्ध्यांना वाटायचं यांचा काहीतरी मोठा डाव आहे. डाव कसला डोंबलाचा, भडंग!

लहान संघ अंतिम सामन्याला पोचला होता. त्याच आठवड्यात मोठ्या संघाचा सामना सांगलीत होता. तो आम्ही सपाटून हरलो. पाच मिनिटं उरली तेव्हा तीन गोल अंगावर होते आणि आमचे लोक चालत खेळत होते. मी बाहेर आलो होतो. शेजारी ते जतचं पोरगं बसलेलं; मोठ्या यादीतल्या दोन राखीव नावांत एक त्याचं होतं. मामी माहेरी गेलेली, मामा पाळीवर, सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. त्यानं सांगितलं नव्हतं, पण नळाला तोंड लावून तीनदा पाणी पिऊन आलेला मी बघितला होता. जॉबर तिकडे गाठोड्याची गाठ सोडत होते. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, "जा, पाय लावून ये."

तो पळत गेला. दोनदा चेंडू त्याच्या पायाला लागला. सामना संपला. त्याला भडंग मिळालं. निम्मं त्यानं तिथंच खाल्लं, निम्मं रुमालात बांधलं. मामाच्या बारक्या पोरांना, म्हणाला. मला बरं वाटलं. आज आपल्या हातून एक चांगलं काम झालं, असं वाटत मी घरी आलो. ते आठवलं की आजही मला स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावीशी वाटते.

तिसऱ्या दिवशी साताऱ्याला न्यायच्या यादीची नक्कल करायला बसलो आणि शेजारी तो नियमांचा कागद ठेवला. खालून दुसरं, मोठ्यात खेळलेल्या पोराचं कलम वाचलं. परत वाचलं.  तसाच उठून जॉबरांच्या घरी गेलो. ते विडी ओढत दारात बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले.

"पाच मिनिटं म्हंजे काय खेळणं हाय व्हय रं? कोण बघतंय? इचारलं तर न्हाई म्हणायचं. हाय काय आन् न्हाई काय."

मी हो म्हणालो. मला ते पटलं होतं. लहान संघालाही तसं सांगून ठेवलं. त्या पोराला तर दोनदा बजावलं, की तू सांगलीच्या सामन्यात फक्त बूट राखत बसला होतास. तो म्हणाला, "व्हय दादा."

साताऱ्याला आम्ही मिलच्या ट्रकमधून गेलो. किल्ल्याखालच्या मैदानावर कडेला खुर्च्या मांडल्या होत्या आणि एका खुर्चीवर हेडमास्तर बसले होते, डोक्यावर टोपी, मांडीवर वही. समोरचा संघ कोयनानगरच्या वसाहतीचा. त्यांचा व्यवस्थापक धरणाच्या कचेरीतला कारकून होता. किडकिडीत, जाड भिंगाचा, प्रत्येक गोष्टीचा कागद जवळ बाळगणारा. सामना सुरू व्हायच्या आधी तो सरळ पंचांकडे गेला आणि त्यानं लेखी तक्रारच दिली. म्हणाला, "यांचा हा लेफ्ट हाफ मोठ्या गटात खेळलेला आहे. मी स्वतः सांगलीत पाहिलंय. आमचाही सामना होता त्या दिवशी."

पंच एका शाळेचे ड्रिलमास्तर होते. त्यांनी सांगलीहून आलेला कागद काढला. त्यावर सुरुवातीची अकरा नावं होती. बदली खेळाडू कुणी लिहिलेच नव्हते. पंच दोन्ही बाजूंना बघत म्हणाले, "संघप्रमुख कोण?"

"मी."

"यादीवर सही तुमची आहे. तुम्ही सांगाल ते मी धरीन. हा मुलगा त्या सामन्यात खेळला का?"

ठरल्याप्रमाणं एकच शब्द म्हणायचा होता. जॉबर माझ्या मागंच उभे होते. ते पोरगं चेंडू पोटाशी धरून माझ्याकडे बघत होतं, अगदी निवांत, कारण सगळं ठरलेलं होतं. आणि त्याच्या पलीकडे माझा भाऊ जमिनीवर बसून पायात मोजे चढवत होता. राखीव खेळाडूला मोजे चढवायची काही घाई नसते.

मी म्हणालो, "खेळला. पाच मिनिटं."

मी हरिश्चंद्र नव्हतो. त्याच यादीत बुधगावच्या एका बॅकचा पत्ता मी बिनदिक्कत माधवनगरचा लिहिला होता, कारण बाहेरगावचा खेळाडू चालत नसे. त्यावर सहीही ठोकली होती. मग त्याच दिवशी माझी जीभ एवढी सोवळी का झाली? पंचांचा शब्द मनाला लागला म्हणावं तर तेही खरं आहे. माझ्यावर कुणी तोवर असा विश्वास टाकला नव्हता. पण बोललो तेव्हा माझे डोळे भावावर होते, हेही मला पक्कं ठाऊक आहे. त्यापलीकडचं मला कळलेलं नाही. पन्नास वर्षं झाली, मी ते कुणाला विचारूही शकलो नाही.

पंचांनी त्या नावावर आडवी रेघ मारली. जॉबर मागून एवढंच म्हणाले, "घात केलास रं." पोरगं क्षणभर तसंच उभं राहिलं. त्याला बहुतेक वाटलं आणखी काहीतरी बोलणं व्हायचं आहे. मग त्यानं चेंडू खाली ठेवला आणि खाली बसून बूट सोडायला लागला. मंडळाचे चांगले बूट मोजके होते आणि माझ्या भावाच्या बुटाचा तळ निघाला होता. यानं आपले काढून त्याच्यासमोर ठेवले. "जरा ढिलंच हाईत," म्हणाला, आणि ट्रकच्या फळीत अडकलेला मिलचा कापूस काढून आणला आणि बुटांच्या टोकात बोटानं दाबून बसवला. दोन्ही बुटांत. घाईनं नाही, नीट.

आम्ही एका गोलनं जिंकलो. माझा भाऊ त्या दिवशी बरा खेळला. त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं. घाबरला होता आणि घाबरून सारखा पळत होता, आणि लांबून ते जिद्दीसारखं दिसलं. सामन्यानंतर हेडमास्तर वही घेऊन आले. त्यांनी आमचा गोलकी निवडला आणि मग बोट करून म्हणाले, "आणि तो उंच मुलगा."

परतीच्या ट्रकमध्ये चषक होता, पण कुणी आरडाओरडा केला नाही. कऱ्हाडच्या पुढं आल्यावर माझा भाऊ म्हणाला, "दादा, न्हाई म्हणायचं ठरलंतं न्हवं?" मी त्याच्या थोबाडीत मारली. आयुष्यात त्याला मारलेली ती पहिली आणि शेवटची. तो बिचारा पंधरा वर्षांचा, त्याला कळेनाच आपलं काय चुकलं. केबिनला पाठ लावून बसलेलं ते पोरगं म्हणालं, "मारू नगा त्येला. त्यो चांगला खेळला."

घरी आईनं शिरा केला. वडिलांनी भावाच्या डोक्यावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या पोराचा मामा पाळी संपवून तसाच दारात आला. केसांवर कापसाची भुरी होती. आत बोलावलं तर आला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "लय शाना निघालास गड्या. आदी आमचं पोरगं मोठ्यात खेळवलंस, मग सोताच सांगिटलंस. घरचं पोरगं लागलं मार्गी." मी सांगायला गेलो की पोटात काही नव्हतं म्हणून त्याला आत पाठवला, भडंग मिळावं म्हणून. मामा म्हणाला, "आमच्या घरी काय उपाशी हुता व्हय त्यो?"  मामा म्हणाला तेच सगळ्या चाळीत झालं. खरं सांगितलं असतं तरी ते कुणाला पटण्यासारखं नव्हतं. मूठभर भडंगासाठी कुणी कुणाचं आयुष्य घालवतं का?

मी हेडमास्तरांना पत्र लिहिलं, माझ्या चांगल्यात चांगल्या अक्षरात. चूक माझी आहे, त्या मुलाची नाही, तिसरी जागा होत असेल तर पाहावी. पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. जागा दोनच आहेत. मात्र पुढील वर्षीही लहान गटाच्या अंतिम सामन्यातून दोन मुले घेण्याचा विचार आहे, तरी त्या विद्यार्थ्याने प्रयत्न सोडू नये. मी ते कार्ड त्याला मैदानावर वाचून दाखवलं. त्यानं ते हातात घेऊन परत एकदा स्वतः वाचलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याला जतला पाठवायचं ठरलं. मामाची पाळी होती, म्हणून मीच त्याला सांगलीच्या स्टँडवर सोडायला गेलो. मामा नको म्हणाला नाही. पोराकडं एक पिशवी होती. गाडी लागली, तो खिडकीशी बसला, मी खाली उभा.  मला त्याची माफी मागायची होती. दोनदा तोंड उघडलं आणि पाणी पितोस का, असं विचारलं.

मग तोच म्हणाला, "दादा, फुडल्या साली मला बारक्याच यादीत लिवा. मोठ्यात नगं."

त्याच्या शाळेचा दाखला मी माझ्या हातानं यादीला जोडला होता. दिवाळीच्या सुमाराला त्याला सोळा पूर्ण होत होती. पुढच्या उन्हाळ्यात तो लहान गटात बसणारच नव्हता. पोस्टकार्ड वाचून दाखवतानाही मला हे माहीत होतं.

"लिवतो," मी म्हणालो.

"इसरू नगासा."

"न्हाई रं."

तो हसला. गाडी सुटली.

पुढच्या वर्षी मी यादीचं काम सोडलं. बी. ए.चं वर्ष आहे, असं जॉबरांना सांगितलं. त्यांनाही मी नकोच होतो. भाऊ साताऱ्याला होता, सुटीत यायचा, अंगानं भरला होता. तो पुढं शिकला, नोकरीला लागला, त्याचं सगळं चांगलं झालं आणि मी त्याला या गोष्टीबद्दल कधी एक अक्षर बोललो नाही.

एप्रिलमध्ये एका दुपारी मी खोलीत पुस्तक उघडून बसलो होतो. दार लोटलेलं होतं. बाहेर चपला वाजल्या आणि आवाज आला, "दादा हाईत का?" आवाज फुटला होता, जाड झाला होता, पण मी ओळखला. फटीतून पिशवी दिसली, वर्षापूर्वीचीच. आई स्वयंपाकघरातून बाहेर यायला निघाली तशी मी तिचा हात धरला आणि खुणेनं म्हटलं, नाही म्हणून सांग. तिनं हात सोडवून घेतला. मग गेली.

"न्हाई रं बाबा," ती दारात म्हणाली. "त्यो घरात न्हाई."

"कवा येतील?"

"काय सांगावं. पाणी देऊ का?"

"नगं. मैदानावरनंच आलो. यादीवाले दुसरेच कोणतरी हाईत तितं, ते म्हणत्यात तुझं वय बसत न्हाई." त्यानं पिशवी खांद्याला लावली. "दादास्नी ठावं असंल कायतरी. असू द्या. आलतो म्हणून सांगा."

आईनं दार लावलं आणि आत येऊन मला तसं सांगितलं.